शिट्टी आणि तारतम्य

मुलांनो, पंचावर चिडून कधी मैदान सोडून गेलात का? खरं सांगा हं! आज मी जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यात पंच मीच होते.

धंतोलीतल्या आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाआधी वर्गावर्गांचे सामने होतात. त्या शनिवारी क्रीडाशिक्षक रजेवर होते, म्हणून पाचवी 'अ' विरुद्ध पाचवी 'ब' या बास्केटबॉल सामन्याची शिट्टी माझ्या गळ्यात पडली. नियमांचं पुस्तक मी आदल्या रात्री जागून वाचलं होतं. मग काय विचारता! चेंडू हातात धरून एक पाऊल जास्त पडलं की शिट्टी. दोन्ही हातांनी ड्रिबल केलं की शिट्टी. नुसतं बोट लागलं तरी फाउल. दहा मिनिटं झाली तेव्हा गुण होते ०-०! एक मुलगा कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "बाई, आम्ही खेळून राहिलो का तुम्ही?"

मला वाईट वाटलं. उत्तरार्धात ठरवलं, लेकरंच आहेत, जाऊ द्यावं. खेळ धावू लागला खरा, पण थोड्याच वेळात कोपरं आणि धक्केही चालू लागले. एक मुलगी उंच उडाली, खालून कोणीतरी ढकललं आणि तिची हनुवटी सिमेंटवर फुटली. दोन टाके पडले. धंतोलीत दवाखान्यांना तोटा नाही, उपचार लगेच मिळाले. पण तिच्या आईसमोर उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना.

कुंपणाबाहेर एक बाबा उभे होते. पूर्वार्धात ते ओरडत होते, "अहो बाई, लहान आहेत, सोडा ना!" उत्तरार्धात तेच म्हणत होते, "नियम म्हणजे नियम, शिट्टी मारा!" शिट्टी कोणाविरुद्ध वाजते, त्यावर त्यांचं मत ठरत होतं. (पालकहो, रागावू नका, पण असे बाबा प्रत्येक मैदानावर असतात. आयासुद्धा!)

रात्री पुस्तक पुन्हा उघडलं, या वेळी सावकाश. आणि गंमत पाहा, जे तारतम्य मी पुस्तकाबाहेर शोधत होते, ते पुस्तकातच लिहिलेलं होतं!

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हा खेळ तयार केला. व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. तिसरा नियम म्हणतो, चेंडू घेऊन पळायचं नाही. पण त्याच नियमात पुढे आहे की, वेगात धावताना चेंडू झेलणारा खेळाडू थांबायचा प्रयत्न करत असेल, तर त्याला थोडी सवलत द्यावी. धावता माणूस खांबासारखा जागच्या जागी थांबत नाही, हे नाइस्मिथ गुरुजींना ठाऊक होतं.

आजची जागतिक संघटना म्हणजे 'फिबा'. तिच्या नियमांतही, एकमेकांना अंग लागलं म्हणजे लगेच फाउल, असं नाही. त्या स्पर्शाने कोणाचा अन्यायाने फायदा झाला का, समोरच्याचं नुकसान झालं का, ते पंचाने पाहावं. खेळाडूंची कुवत आणि वागणूक लक्षात घेऊन तारतम्य वापरावं, पण ते दोन्ही बाजूंना सारखं! तीन सेकंदांच्या नियमाचंही तसंच. बास्केटखालच्या रंगवलेल्या जागेत आपल्या संघाच्या चढाईत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. मात्र खेळाडू बाहेर पडायचा प्रयत्न करत असेल तर सूट द्यायला सांगितलं आहे.

म्हणजे पूर्वार्धात मी नियम पाळत होते असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात अर्धाच पाळत होते. आणि उत्तरार्धात? तो धक्का कोणत्याच तारतम्यात बसत नव्हता.

लहान मुलांसाठी तर मिनी बास्केटबॉल हा वेगळा प्रकारच आहे. मोठ्यांची रिंग ३.०५ मीटर उंच, यांची २.६० मीटर. चेंडूही लहान. खेळच मुलांच्या मापाचा केला की पंचाला दर मिनिटाला दया दाखवावी लागत नाही.

पण घड्याळ आणि रेषा यांत तारतम्य चालत नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची अंतिम लढत आठवा, किंवा आजोबांना विचारा. शेवटचे तीन सेकंद उरले असताना अमेरिका सोव्हिएत संघाविरुद्ध ५०-४९ अशी पुढे गेली. सोव्हिएत संघाने चेंडू आत टाकला, तोच विश्रांतीच्या मागणीवरून गोंधळ झाला आणि एक सेकंद उरला असताना खेळ थांबला. तेव्हा फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि तीन सेकंद परत द्या म्हणाले. ते तीन सेकंद एकदा नव्हे, दोनदा पुन्हा खेळवले गेले! शेवटी अलेक्सांद्र बेलोवने बास्केट केली, ५१-५०. जोन्स यांना वाटलं असेल, घड्याळाची चूक सुधारणं हेच शहाणपण. पण चालू सामन्यात हुकूम देण्याचा अधिकार नियमाने त्यांना दिलेलाच नव्हता. अमेरिकेची तक्रार ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली गेली. त्या खेळाडूंनी रौप्यपदकं घेतलीच नाहीत.

पुढच्या शनिवारी आमचा सामना पुन्हा झाला. या वेळी शिट्टी कमी वाजली, पण ढकललं की वाजलीच. हनुवटीला पट्टी लावलेली ती मुलगी बाहेर बसून गुण मोजत होती. शेवटच्या मिनिटाला, १०-१० असताना, 'ब' मधला सगळ्यात बुटका मुलगा कडेने सुसाट निघाला आणि त्याचा पाय रेषेवर पडला. व्हॉलीबॉलमध्ये रेषेवरचा चेंडू आत धरतात. बास्केटबॉलमध्ये रेषेवर पाय म्हणजे बाहेर. त्याने आयुष्यातली पहिली बास्केट केली, आणि मी शिट्टी वाजवून ती रद्द केली.

तो रडला. नंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, पण भेटला की हमखास सांगतो, "बाई, बूट लागलाच नव्हता माझा!"

मी म्हणते, लागला होता.