जुन्या घरातील न्हाणीघर: फरशीखालचे काम

पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांत वरच्या मजल्याची जमीन बहुधा कडीपाटाची, म्हणजे तुळयांवर लाकडी कड्या, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर माती-चुन्याचा थर अशी असते. त्यामुळे तेथील न्हाणीघराच्या नूतनीकरणाचे गणित सिमेंटच्या स्लॅबवर उभ्या असलेल्या सदनिकेतील कामासारखे मांडता येत नाही. वाड्यांत स्नानाची सोय मुख्यतः तळमजल्यावर किंवा परसात असे, आणि वरच्या मजल्यावरची मोरी पुष्कळदा पुढच्या पिढ्यांनी सोयीसाठी काढलेली असल्याने तिच्याखालचे लाकूड रोजच्या पाण्यासाठी योजलेले नसते.

पहिला प्रश्न वजनाचा. जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी बसवल्यास राडारोडा वाचतो खरा. परंतु 50 मिलिमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा थर चौरस मीटरमागे सुमारे 100 किलो भरतो, आणि पाइप झाकण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा केल्यास हा भार दुपटीवर जातो. म्हणून आधी जुने थर काढून तुळयांची तपासणी करणे श्रेयस्कर. त्यातही तुळईचा मधला भाग टणक दिसला म्हणून भागत नाही, कारण भिंतीत गेलेल्या टोकाला वारा लागत नाही, मोरीची ओल तेथेच मुरते आणि कुजण्याची सुरुवातही तेथूनच होते. तेथे स्क्रूड्रायव्हर सहज रुतला, तर टाइल्स निवडण्याचे काम लांबणीवर टाकून सुताराला बोलवावे.

टाइल्समुळे पाणी अडते, ही समजूतही सोडलेली बरी. सांध्यांतून पाणी झिरपतेच, आणि ते अडवण्याचे काम खालच्या जलरोधक थराचे असते, जो जमिनीवर सलग आणि भिंतीवर निदान फूटभर चढवावा लागतो. उलट, न्हाणीघराबाहेरच्या चुन्याच्या भिंतींना मात्र सिमेंटचा गिलावा करू नये, कारण चुना शोषलेली ओल बाहेर सोडतो, तर दाट सिमेंट ती आत कोंडते आणि मग भिंतीला लोणा लागून पोपडे सुटतात.

सांडपाणी जेथून उतरते तेथे नहाणी ट्रॅप बसवतात. त्यात सुमारे 50 मिलिमीटर पाणी कायम साचून राहते आणि गटाराची दुर्गंधी व झुरळे अडवते. त्याच्याकडे जमिनीला मीटरमागे 10 ते 15 मिलिमीटर उतार हवा. टाइल्स लावण्यापूर्वी ट्रॅपचे तोंड बंद करून इंचभर पाणी दोन दिवस साठवावे आणि खालच्या खोलीतून कड्यांवर लक्ष ठेवावे. घाईच्या गवंड्याला ही चाचणी नकोशी वाटते, पण गळती पकडण्याची हीच स्वस्त वेळ असते.

बंबाच्या जागी गिझर आला की विजेचाही विचार करावा लागतो. जुन्या वायरिंगला अनेकदा अर्थिंग नसते. ते नव्याने करून, 30 मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारी आरसीसीबी बसवल्याशिवाय गिझर जोडू नये.