गाय हिरवं दिसेल ते खाते का?

मुंबईत भुलेश्वरच्या पांजरापोळात गाईपुढे गवताची जुडी धरली, की तिच्याकडे नीट पाहा. ती आधी हुंगते, मग जिभेने पानांचे शेंडे ओढून घेते. जाड बुडखे तिच्या पायाशी पडून राहतात. "पोट भरलेलं दिसतंय," असं म्हणून आपण निघतो. पुष्कळदा पोट भरलेलं नसतं. ती निवडून खात असते.

गाईच्या चाऱ्याची काळजी या भागाला जुनी आहे. हा पांजरापोळ १८३४ चा, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला. १८३८ मध्ये सरकारने गुरं चारायला शुल्क लावलं, तेव्हा जमशेटजींनी पदरचे २० हजार रुपये घालून ठाकूरद्वारजवळची कुरणं घेतली आणि चराई मोफत ठेवली, अशी हकीकत सांगतात. चर्नी रोड हे नाव त्या चरण्यावरून पडलं, असं काही मानतात. काही जण ते ठाण्याच्या चेंदणीशी जोडतात. कुरणं गेली, पण गाईला घास देण्याची रीत राहिली. त्या घासाबद्दलचे समज मात्र तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : गाय काहीही खाते.
वस्तुस्थिती : रस्त्यावरची गाय साली, कागद, प्लॅस्टिक चघळते, कारण तिच्यापुढे दुसरं काही नसतं. कुरणात सोडलेली गाय पान आधी खाते, काडी नंतर. कोवळं आधी, जून नंतर. रोशा गवत हिरवंगार असलं तरी त्याच्या उग्र वासामुळे, दुसरा चारा असेपर्यंत ती त्याला सहसा तोंड लावत नाही. शेणाच्या पोभोवती उगवलेलं गर्द गवतही ती टाळते.

गैरसमज : कुरणात जे गवत जास्त, तेच गुरांच्या आवडीचं.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा उलट असतं. मारवेल, पवना, अंजन ही आपल्याकडची आवडीची गवतं. मारवेलला पानं भरपूर आणि काडी बारीक, म्हणून गुरं ते चवीने खातात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचा 'फुले मारवेल-०६-४०' हा वाणही दिला आहे. पण आवडीचं गवत आधी ओरबाडलं जातं. पुन्हा फुटायला उसंत मिळाली नाही, तर त्याची मुळं खंगतात आणि मोकळ्या जागेत कुसळी नावाचं गवत पसरतं. कुसळीने भरलेला माळ म्हणजे गुरांनी सोडून दिलेल्या गवताचा माळ.

गैरसमज : कुसळी अगदीच निरुपयोगी.
वस्तुस्थिती : कोवळी असताना गुरं ती खातात. बी धरलं की मात्र तिची कुसळं सुईसारखी होतात. दमट हवेत त्यांचा पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो आणि या फिरण्याने टोक आत रुतत जातं, मातीत तसंच जनावराच्या तोंडात आणि कातडीतही. म्हणून तिची कापणी फुलोऱ्याआधी करायची.

गैरसमज : बागेतल्या हिरवळीवर गाईचं पोट छान भरेल.
वस्तुस्थिती : गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेचा वेढा घालून गवत ओढते आणि खालच्या दातांवर तोडते. त्यासाठी गवताला थोडी उंची लागते. हरळी तिला आवडते, पण जमिनीसरशी कापलेल्या हरळीतून प्रत्येक घासाला फार थोडं हाती लागतं. शेळ्यामेंढ्या ओठांनी वेचून जमिनीलगतचं खातात. गाईला ते जमत नाही.

गैरसमज : जे आवडीने खाल्लं, ते बाधत नाही.
वस्तुस्थिती : ज्वारीची कोवळी, पाण्याविना खुरटलेली ताटं गुरं अधाशासारखी खातात, आणि त्यांतल्या विषारी घटकामुळे थोड्या वेळात जीव जाऊ शकतो. मुंबईत धोका वेगळा आहे. लाडू, पाव, शिळा भात गाय आनंदाने खाते. पण असे पदार्थ एकदम जास्त गेले, तर कोठीपोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो आणि गाय आजारी पडते. आपण एकच लाडू देतो, पण तसे देणारे दिवसभरात किती येतात, याचा विचार करायला हवा.

तेव्हा घास द्यायचाच तर गवताचा द्या. जुडी पानांची, बारीक काडीची, फुलोरा न आलेली घ्या. मध्ये हात घालून पाहा. आतून गरम लागली किंवा कुबट वास आला तर परत करा. आज गाईने काय खाल्लं आहे, हे तिला सांभाळणाऱ्यांना विचारा आणि ते 'पुरे' म्हणाले तर ऐका.

आणि निघण्याआधी तिने टाकलेला एखादा बुडखा उचलून चिमटीत दाबून पाहा. तो मोडत नाही. तिने तो का सोडला, ते बोटांना लगेच कळतं.