वाहतूक व्यवसाय आणि कुलमुखत्यारपत्र

टेम्पोचा मालक मुंबईत नोकरीला आणि पिंगुळीतून आंब्याच्या पेट्या पोहोचविण्याचा व्यवहार भावाच्या हाती, अशी व्यवस्था असेल तर भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करावे. त्यात ‘सर्व अधिकार दिले’ असे मोघम लिहू नये. भाडेवसुली, विम्याचा दावा, परिवहन कार्यालयातील अर्ज यांचा स्वतंत्र उल्लेख हवा. गाडी विकण्याचा वा तिच्यावर कर्ज काढण्याचा अधिकार द्यायचा नसल्यास तेही स्पष्ट नमूद करावे. भाऊबंदकीची बीजे बहुधा अशा मोघमपणातच असतात.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मालकाच्या निधनाने हा अधिकार सामान्यतः संपतो. मालकाने हयातीत तो काढून घेतला, तरी कलम २०८ प्रमाणे त्रयस्थांना ते कळेपर्यंत त्यांच्यापुरता तो चालूच राहतो. म्हणून रद्द केल्याची लेखी सूचना भावाबरोबरच बँक, विमा कंपनी आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही तातडीने पाठवावी.