न लागणारी तहान

सिल्वासाचे नाव निघाले की आमच्या मराठी घरांतून हटकून १९५४ सालचा विषय निघतो. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे आदी मंडळी मुक्तिसंग्रामात कशी उतरली, २ ऑगस्टला सिल्वासा कसे मुक्त झाले, हे सांगता सांगता चहा निवून जातो. आज मात्र आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहोत तो विषय अगदीच घरगुती आहे. तो म्हणजे हिवाळ्यात सायकलीवरून जाताना बरोबर न्यावयाचे पाणी.

कोणी म्हणेल, दमणगंगेच्या काठी कसला आला आहे हिवाळा! खरे आहे. येथे जानेवारीतल्या पहाटेही बर्फाचे नाव नाही. फार तर एक स्वेटर आणि कानटोपी. परंतु आमची फसगत झाली ती याच सौम्य थंडीने.

गेल्या जानेवारीत आम्ही चौघे दापाड्यावरून खानवेलला आणि तेथून पुढे दुधनीपर्यंत जाण्याच्या बेताने सकाळी सहाला निघालो. सिल्वासाहून खानवेल सुमारे २० किलोमीटर, आणि दुधनी मधुबन जलाशयाच्या काठी तितकीच पुढे. खानवेलनंतर रस्ता डोंगरांतून वळणे घेत जातो. आमच्यातले एक स्नेही पंचावन्नचे. रोज फिरणारे, निर्व्यसनी, प्रकृतीने ठणठणीत. चढावर ते मागे पडले. कपाळ दुखते म्हणाले. उताराला लागलो तेव्हा त्यांच्या पिंडरीत असा गोळा आला की पाय पायडलवरून सुटला आणि सायकलीसकट ते रस्त्याच्या कडेला आडवे झाले. समोरून एक ट्रक येत होता. चालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणून हा लेख लिहिण्याइतपत स्वस्थता आम्हांस आहे.

त्यांना उचलून आम्ही जवळच्या एका वारली झोपडीच्या ओट्यावर नेले. तेथल्या वृद्ध मावशींनी काहीएक न विचारता मीठ घातलेली नागलीची पेज पुढे केली. ‘बाबा, घोट घोट पी,’ एवढेच म्हणाल्या. अर्ध्या तासाने गृहस्थांच्या डोळ्यांपुढची अंधारी गेली. मग आम्ही त्यांची पाण्याची बाटली सोडली. ती काठोकाठ भरलेली! कॅरिअरला, जाकिटाच्या गुंडाळीखाली, सुतळीने घट्ट बांधलेली. ‘तहानच लागली नाही हो,’ ते ओशाळून म्हणाले.

पिंडरीत गोळा येण्याची कारणे अनेक असतात, सगळा दोष पाण्याच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. तथापि तीन तासांच्या श्रमात माणसाला तहान लागू नये, याचे नवल वाटून आम्ही परिचयाच्या एका डॉक्टरांना गाठले. त्यांनी समजावून दिले ते असे: थंडीत त्वचेजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त शरीराच्या गाभ्याकडे सरकते. तेथे रक्त भरपूर आहे अशी देहाची समजूत होऊन तहानेची सूचना मंदावते. इतकेच नव्हे, तर मूत्रपिंडेही जास्त पाणी बाहेर टाकू लागतात. इकडे श्वासागणिक वाफ जातच असते. स्वेटरखाली घामही येतो. पण कोरड्या वाऱ्यात तो उडून जातो आणि आपण घामाघूम झालो आहोत हे ध्यानात येत नाही. घेणे थांबते आणि देणे चालू राहते; दुकानदारीत याला दिवाळे म्हणतात.

उन्हाळ्यापुरता आपल्या वाडवडिलांनी हा प्रश्न सोडविलेला होता. बैलगाडीच्या दांडीला, पुढे सायकलीच्या हँडललाही कॅनव्हासची छागळ लटकत असे; तिच्या अंगावरचे पाणी वाऱ्याने उडे आणि आतले गार होई. पण हिवाळ्यात हाच गुण नडतो. दात शिवशिवतील असे पाणी कोण पिणार? प्रवासाचा फिरकीचा तांब्या सुरेख खरा, पण दोन्ही हातांवाचून उघडत नाही. शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये निर्वात भांडे तयार केले, ते अतिशीत द्रव सांभाळण्यासाठी. त्याचाच थर्मास होऊन आपल्या स्वयंपाकघरांत आला. आम्ही एकदा काचेचा थर्मास पिशवीत घालून नेला होता. रस्त्यातल्या तिसऱ्या खड्ड्याने आत काचेची खिचडी करून ठेवली. आताचे पोलादी थर्मास मात्र धक्के सोसतात.

लडाखकडे जाणाऱ्या सायकलस्वारांची तऱ्हा आणखी निराळी. कडक थंडीत तेथे बाटलीतले पाणी वरून गोठू लागते आणि तोंडच बंद होते. म्हणून ते बाटली उलटी ठेवतात. बर्फ धरला तरी तो बुडाशी, आणि तोंड मोकळे. आपणांस तेवढी खटपट नको. कोमट पाणी भरावे, बाटलीवर जुन्या लोकरी मोज्याचा अंगरखा चढवावा. दोनेक तास तरी पाणी घशाला बोचत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीत उकळते पाणी मात्र ओतू नये.

परंतु आमच्या मते खरी मेख भांड्यात नसून जागेत आहे. पाणी हँडलखालच्या तिरप्या दांडीवर, तारेच्या पिंजऱ्यात, हाताशी हवे. जे पाणी काढण्यासाठी उतरावे लागते, ते थंडीत कोणी पीत नाही. खांद्याची वॉटरबॅग पुढे झुकताना गुडघ्याला आपटते आणि तिचा पट्टा चाकाच्या तारांत गेला तर विचारूच नका. आता आम्ही घड्याळ पाहून पितो: दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट, तहान असो वा नसो. एकदम तांब्याभर रिचविण्यात अर्थ नाही. पोट डुचमळते, एवढेच. लघवीचा रंग गडद दिसू लागला तर कमी पडले असे समजावे. अशा गोष्टी चारचौघांत बोलण्याचा आपल्याकडे संकोच, म्हणून येथे लिहून टाकतो.

आमच्या स्नेह्यांना त्यांच्या सौभाग्यवतींनी बाटलीसाठी लाल-पिवळ्या लोकरीचे झबले विणून दिले आहे. पोरे हसतात. परवाच्या रविवारी खानवेलला साकरतोड नदीच्या पुलावर थांबलो, तेव्हा त्यांची बाटली रिकामी होती आणि ते आमच्या बाटलीकडे पाहत होते.