रेणुका म्हणजे मॉलिक्यूल?

नवरात्रात आपल्या होस्टेलमधली बरीच पब्लिक पहाटे उठून केडगावच्या देवीला जाते. काहीजण थेट पाथर्डी तालुक्यातल्या मोहटादेवीला. दोन्हीकडे देवी एकच, माहूरची रेणुका. पण नावाचा अर्थ विचारा, की कोणीतरी हमखास म्हणतं, "रेणू म्हणजे मॉलिक्यूल! बघ, आपल्या पूर्वजांना केमिस्ट्री तेव्हापासून माहीत होती."

मी पडले कॉन्व्हेंटची. मॉलिक्यूलला मराठीत रेणू म्हणतात हेच मला मराठी मीडियमच्या रूममेटकडून कळलं. त्यामुळे लायब्ररीत जाऊन आपट्यांचा संस्कृत कोश उघडला. रेणु म्हणजे धूळ, धुळीचा कण, फुलातले परागसुद्धा. मॉलिक्यूल नाही. 'त्रसरेणु' म्हणजे खिडकीतून येणाऱ्या कवडशात नाचताना दिसणारा कण. मनुस्मृतीत वजनमापं तिथूनच सुरू होतात : आठ त्रसरेणूंची एक लिक्षा (हो, आपल्या डोक्यातली लीख!), तीन लिक्षांची एक मोहरी. म्हणजे रेणू डोळ्यांना दिसणारा. मॉलिक्यूल कुणाला दिसलाय?

आणखी एक गंमत. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. आपल्याकडे ॲटमला अणू, मॉलिक्यूलला रेणू. प्राचीन काळापासून अर्थ ठरलेला असता, तर दोन भाषांत असा घोळ झाला नसता. विज्ञान मराठीत आणताना जुना शब्द नव्या कामाला लावला, इतकंच. चांगलंच केलं, पण तो अर्थ उलटा देवीवर कशाला चिकटवायचा?

शेवटचा 'का' पाहिला तर संस्कृतात 'क' प्रत्यय पुष्कळदा लहानपणा दाखवतो. तसं घेतलं तर रेणुका म्हणजे इवलासा धूलिकण. भागवतात मात्र ती रेणू राजाची मुलगी आहे, म्हणजे नाव वडिलांवरून आलं. महाभारतात वडील प्रसेनजित, तिथे हा हिशोब लागत नाही.

मला स्वतःला धुळीचाच अर्थ पटतो. लोककथेतली रेणुका रोज नदीवर वाळूचा घडा करून त्यात पाणी आणायची. एक दिवस चित्ररथाची जलक्रीडा बघताना मन क्षणभर ढळलं आणि घडा काही जमेना. पुढचं सर्वांना माहीत आहे. जमदग्नींचा संताप, मुलाच्या हातून आईचा शिरच्छेद, आणि मग त्याच मुलाने वर मागून तिला परत मिळवणं. एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा हे मला अजून पचत नाही. रूममेट म्हणते, "म्हणून तर बायका तिच्याकडे जातात."

माहूरला सांगतात, ती पुन्हा जमिनीतून वर येत होती. मागे बघू नकोस असं सांगूनही परशुरामाने वळून पाहिलं, आणि ती मुखापर्यंतच वर आली. म्हणून तिथे फक्त मुखाची पूजा होते. बाकीची देवी अजून मातीतच आहे.