विश्लेषण : पगारातून दरमहा बचत नेमकी किती करावी? २० टक्क्यांचे सूत्र सर्वांना लागू पडते का?

पगार खात्यात जमा झाला की पहिल्याच आठवड्यात घरभाडे, हप्ते, किराणा आणि विजेचे बिल निघून जाते. २० तारखेनंतर खात्यातील शिल्लक पाहायचे टाळले जाते. दुसरीकडे ‘पगाराच्या किमान २० टक्के बचत कराच’ असे बजावणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर रोज समोर येतात. हा आकडा आला कुठून, तीस-पस्तीस हजार रुपये पगारात घर चालवणाऱ्यांना तो झेपतो का आणि झेपत नसेल तर आपला आकडा ठरवायचा कसा, याविषयी.

२० टक्क्यांचे सूत्र आले कुठून?

हे सूत्र ‘५०-३०-२०’ या नावाने ओळखले जाते. दिवाळखोरीच्या कायद्याच्या अभ्यासक आणि पुढे अमेरिकेच्या सिनेटर झालेल्या एलिझाबेथ वॉरन यांनी आपली कन्या अमेलिया वॉरन त्यागी यांच्यासह २००५ मध्ये ‘ऑल युवर वर्थ’ हे पुस्तक लिहिले. या सूत्राचा प्रसार त्यातून झाला. कर वजा जाता हातात येणाऱ्या पैशांपैकी ५० टक्के गरजांवर, ३० टक्के हौसेमौजेवर आणि उरलेले २० टक्के बचत व जुनी कर्जे फेडण्यासाठी, अशी ही वाटणी आहे. म्हणजे मूळ मांडणीत २० टक्क्यांमध्ये कर्जफेडही धरलेली आहे. आपल्याकडे सांगताना नेमका हाच भाग गळतो.

ते आपल्याकडे जसेच्या तसे का बसत नाही?

पहिले कारण घरभाडे. मुंबई, ठाणे, पुण्यात नव्याने नोकरीला लागलेल्याच्या पगाराचा मोठा वाटा भाड्यातच जातो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण इथे अंथरूणच आखूड असते. दुसरे कारण कुटुंब. गावी आई-वडिलांना पाठवायचे चार हजार रुपये ही चैन नव्हे आणि बचतही नव्हे. तो गरजेचाच खर्च आहे आणि अमेरिकी सूत्रात त्याला स्वतंत्र रकाना नाही.

तिसरे कारण निवृत्तिवेतन. खासगी क्षेत्रातील बहुतेक कर्मचाऱ्यांना कर्मचारी पेन्शन योजनेतून (ईपीएस) मिळणारी रक्कम तुटपुंजी असते. ‘पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०’ असे तिचे गणित आहे. २०१४ मध्ये ठरलेली १५ हजार रुपयांची वेतनमर्यादा आणि ३५ वर्षांची सेवा धरली तरी दरमहा ७,५०० रुपयेच हाती येतात. त्यामुळे आपल्याकडे बचत करणे कठीण आहे आणि तिची गरजही अधिक आहे. आई-वडिलांचा भार आज मुलांवर आहे. उद्या तोच भार आपल्या मुलांवर जाणार की नाही, हे आजच्या बचतीवर ठरते.

पीएफ कापला जातो, ती बचत धरायची का?

जरूर धरायची. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम कर्मचाऱ्याच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीत (पीएफ) जाते आणि तितकाच वाटा मालकाचा असतो. मात्र मालकाचा वाटा पूर्णपणे पीएफ खात्यात जमा होत नाही. त्यातील ८.३३ टक्के, पण १५ हजारांच्या वेतनमर्यादेमुळे जास्तीत जास्त १,२५० रुपये, पेन्शन योजनेत वळवले जातात. उरलेली रक्कम पीएफमध्ये येते. या ठेवीवर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले होते.

काही कंपन्या पूर्ण मूळ वेतनावर पीएफ कापतात, तर काही केवळ १५ हजार रुपयांवर म्हणजे १,८०० रुपयेच कापतात. आपल्याकडे कोणती पद्धत आहे, हे पगाराच्या स्लिपवर पाहता येते. बचतीचा हिशेब करताना पहिले काम हेच.

प्रत्यक्ष हिशेब कसा दिसतो?

समजा, एकूण मासिक पगार ३६ हजार रुपये आहे आणि त्यातील मूळ वेतन १८ हजार रुपये. कर्मचाऱ्याचा पीएफ २,१६० आणि व्यवसाय कर २०० रुपये वजा जाता हातात ३३,६४० रुपये येतात. आता खर्च असे धरू : घरभाडे १४ हजार, किराणा-दूध-भाजी सहा हजार, वीज-गॅस-मोबाइल दोन हजार, प्रवास दोन हजार आणि गावी चार हजार. बेरीज २८ हजार. म्हणजे गरजांवरच हातातील पगाराचे सुमारे ८३ टक्के संपले. उरले ५,६४० रुपये.

सूत्राप्रमाणे २० टक्के म्हणजे ६,७२८ रुपये बाजूला टाकायला हवेत. ते शक्यच नाही. पण यातून निराश होण्याचे कारण नाही. या व्यक्तीने तीन हजार रुपये बाजूला ठेवले, तर त्यात स्वतःचा पीएफ २,१६० आणि मालकाच्या वाट्यातून पीएफमध्ये आलेले ९१० रुपये मिळवून महिन्याची बचत ६,०७० रुपये होते. एकूण पगार आणि मालकाकडून आलेले ९१० रुपये यांच्या बेरजेशी तुलना केली, तर हे प्रमाण १६ टक्क्यांहून थोडे अधिक भरते. ‘माझी काहीच बचत होत नाही’ असे म्हणणाऱ्या अनेकांचा हिशेब असा मांडला तर वेगळा दिसेल.

मात्र ही बचत टिकण्यासाठी एक पथ्य आहे. नोकरी बदलताना पीएफ काढून घेऊन तो मोबाइल, दुचाकी किंवा समारंभावर खर्च केला, तर सगळी वर्षे वाया जातात. यूएएन क्रमांकामुळे जुने खाते नव्या नोकरीत वर्ग करता येते. शिवाय सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी काढलेली रक्कम सहसा करपात्र ठरते.

वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांचे काय?

बचत मोडते ती बहुधा इथेच. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तके, मग गणपती, दिवाळी, लगीनसराईतील आहेर, दुचाकीचा विमा, पॉलिसीचा वार्षिक हप्ता. यातला एकही खर्च अचानक आलेला नसतो, तरी दरवर्षी तो अचानक आल्यासारखाच भासतो. अशा खर्चांची वर्षाची यादी करून बेरजेला १२ ने भागावे. २४ हजार रुपये होत असतील, तर दरमहा दोन हजार वेगळ्या खात्यात टाकावेत. ही रक्कम बचत नव्हे, पुढे ढकललेला खर्च आहे. ती बचतीत मोजली तर आकडा फुगतो आणि दिवाळीनंतर खाते रिकामे होते. वरच्या उदाहरणात तीन हजार बाजूला ठेवल्यावर उरलेले २,६४० रुपये मुख्यतः याच कामी येतील.

डोक्यावर कर्ज असेल तर आधी काय?

सगळी कर्जे सारखी नसतात. गृहकर्जाचा हप्ता नियमित भरत राहावा आणि सोबत बचतही करावी. पण क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन ते साडेतीन टक्के व्याज लागू शकते, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के. केवळ ‘किमान देय रक्कम’ भरत राहिल्यास ही थकबाकी वर्षानुवर्षे हटत नाही. अशी थकबाकी असताना ६-७ टक्के व्याजाच्या मुदत ठेवीत पैसे टाकणे म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणे. आधी गळती बुजवावी. आठ-दहा हजारांची आपत्कालीन रक्कम हाताशी ठेवून बाकी सारे पैसे ही देणी फेडण्याकडे वळवावेत. तोवर ‘बचत शून्य’ दिसली तरी ती खरी बचतच असते.

पहिले पैसे कुठे ठेवावेत?

किमान तीन आणि शक्य तर सहा महिन्यांच्या गरजेच्या खर्चाइतकी रक्कम केव्हाही काढता येईल अशी असावी. वरच्या उदाहरणात ती ८४ हजार ते १ लाख ६८ हजार रुपये होते. दरमहा तीन हजारांनी ८४ हजार जमायला २८ महिने लागतील. काळ मोठा आहे, पण नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले, तर उसनवारी टळेल ती याच पैशांमुळे. ही रक्कम शेअर बाजारात किंवा दागिन्यांत अडकवू नये. बचत खाते आणि लहान-लहान मुदत ठेवी पुरेशा आहेत.

भिशी अनेकांना शिस्त लावते, परंतु तिचा नंबर आपल्या अडचणीच्या महिन्यात लागेलच असे नाही. जास्त व्याजापायी सारी पुंजी एकाच पतसंस्थेत किंवा बँकेत ठेवणेही धोक्याचे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण नाही.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, हेही लक्षात ठेवावे. एका शस्त्रक्रियेत पाच वर्षांची बचत जाऊ नये, यासाठी स्वतःचा विमा आवश्यक आहे.

कर वाचवण्यासाठी गुंतवणूक करावी का?

दर मार्चमध्ये ‘कर वाचेल’ म्हणून पॉलिसी गळ्यात मारली जाते. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही मूळ निवड झाली आहे आणि तिच्यात ‘८० सी’ची वजावट मिळत नाही. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या प्रणालीत नोकरदारांना १२ लाख ७५ हजार रुपयांपर्यंतच्या पगारावर कर पडत नाही. ३६ हजार पगार म्हणजे वर्षाला ४ लाख ३२ हजार. मुळात कर नसताना तो वाचवायचा कसा? अशा वेळी योजना निवडताना परतावा, मुदत आणि गरजेला पैसे काढता येतात का, एवढेच पाहावे.

बचतीची रक्कम ठरवावी की टक्केवारी?

दरमहा तीन हजार रुपये ३० वर्षे, सरासरी आठ टक्के दराने गुंतवले, तर सुमारे ४४ लाख ७० हजार रुपये होतात. दहा वर्षे उशिरा सुरुवात करून २० वर्षेच गुंतवले, तर सुमारे १७ लाख ७० हजार. लवकर सुरुवात का करावी, हे यातून कळते. जाहिराती इथेच थांबतात.

पण पुढचा हिशेबही करायला हवा. महागाई दरवर्षी सरासरी पाच टक्के धरली, तर ३० वर्षांनंतरच्या त्या ४४ लाख ७० हजारांची किंमत आजच्या सुमारे १० लाख ३० हजार रुपयांएवढीच असेल. तेवढ्यावर म्हातारपण निघणार नाही. मात्र हीच तीन हजारांची रक्कम दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढवत नेली, तर ३० वर्षांत एक कोटी आठ लाखांच्या आसपास जमतात आणि आजच्या भावाने त्यांचे मोल २५ लाखांच्या घरात जाते. परताव्याचे आणि महागाईचे हे दर उदाहरणापुरते आहेत, त्यांची हमी कोणी देत नाही. पण सांगायचे ते एवढेच : पगार वाढला तरी बचतीचा आकडा तोच राहिला, तर बचत प्रत्यक्षात घटत जाते. म्हणून टक्केवारी ठरवावी.

बचत कमी होते, हा केवळ उधळेपणाचा परिणाम आहे का?

तसे म्हणता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२०-२१ या करोनाकाळात सकल देशांतर्गत उत्पादनाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होती. २०२२-२३ मध्ये ती सुमारे पाच टक्क्यांवर आली. लोक घरे आणि वाहने यांसाठी कर्ज घेत असल्याने हा बदल दिसतो, असे स्पष्टीकरण अर्थ मंत्रालयाने दिले होते. घर ही मालमत्ता खरीच, पण रुग्णालयाचे बिल भरायला तिची एक खोली विकता येत नाही.

मग आपला आकडा कसा ठरवावा?

मागील तीन महिन्यांचे बँक खाते आणि यूपीआयचे व्यवहार समोर घ्यावेत. गरजांची सरासरी काढावी, वार्षिक खर्चाचा बारावा हिस्सा त्यात मिळवावा आणि उरलेल्यातून पेलेल एवढी रक्कम निवडावी. ती हातातील पगाराच्या पाच टक्के असली तरी हरकत नाही. पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती आपोआप वेगळ्या खात्यात जाईल, अशी सूचना बँकेला द्यावी. महिनाअखेरीस उरेल ते टाकू, असे म्हणणाऱ्याकडे सहसा काही उरत नाही.

पुढे प्रत्येक पगारवाढीतील निम्मी रक्कम बचतीकडे वळवावी. पगार तीन हजारांनी वाढला, तर दीड हजार घरखर्चाला आणि दीड हजार बचतीला. यामुळे आजच्या खर्चाला कात्री न लावता टक्केवारी चढत जाते. गाडीचा हप्ता संपला, मुलाची शिकवणी संपली, की ती रक्कमही त्याच खात्यात वळवावी. पीएफ धरून एकूण बचत २० टक्क्यांवर पोहोचायला चार-पाच वर्षे लागली, तरी चालेल. तोवर गावी जाणारे चार हजार थांबवण्याची गरज नाही. सूत्र पाळता येत नाही म्हणून बचतच न करणे मात्र सर्वांत महागात पडते.