कळा नाहीत, पण पाणी गेलं? थांबू नका!

मैत्रिणींनो, ३७ आठवडे भरायच्या आत पाणमोट फुटली, तर कळा नसल्या तरी लगेच दवाखाना गाठा. पाणमोट फुटली की जंतूंना बाळापर्यंत वाट मिळते.

दवाखान्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि ‘सीआरपी’ तपासतात. अंगात जंतुसंसर्ग झाला की यकृत सीआरपी जास्त बनवतं. तो चढत गेला, तर डॉक्टर सावध होतात. बाळंतपण लवकर करावं लागू शकतं. पण एका रिपोर्टवरून बाळंतपणाचा दिवस सांगता येत नाही. पांढऱ्या पेशी गरोदरपणात तशाही वाढतात, बाळाच्या फुफ्फुसांसाठी दिलेल्या इंजेक्शननेही वाढतात. म्हणून ताप, नाडी, बाळाचे ठोके सोबत बघतात आणि रक्त पुन्हा घेतात. “कालच तर काढलं” म्हणून नको म्हणू नका. अशा निम्म्या तरी बाया आठवड्याभरात बाळंत होतात; तेव्हा “आता बरं वाटतंय” म्हणून घरी निघू नका.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरून ठाण्याला पोहोचायला वेळ जातो. स्वच्छ पॅड लावा, पाणी गेल्याची वेळ आणि रंग लक्षात ठेवा, आशाताईंना कळवा, १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून २०११ पासून तपासण्या, औषधं, गाडी मोफत आहे.

पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा.